वापरलेलं पीसीआर मशीन घेताना: सांगली-साताऱ्यातल्या प्रयोगशाळांसाठी

२०२० च्या सुरुवातीला देशात करोनाची चाचणी एकट्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) होत होती. पुढच्या दोन वर्षांत चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांची संख्या तीन हजारांच्या वर गेली. त्या घाईत घेतलेली कितीतरी रिअल-टाइम पीसीआर मशीनं (डीएनएच्या प्रती वाढवत विषाणू शोधणारी) आज कव्हर घालून पडून आहेत आणि एकेक करून विक्रीला येत आहेत. दुसरीकडे आपल्या भागातली गरज वाढते आहे. मिरजेतल्या पॅथॉलॉजी लॅबला डेंगी, क्षयरोग, एचपीव्हीसाठी नमुने पुण्या-मुंबईला पाठवून दोन-दोन दिवस वाट पाहायची नाही. केळी-उसाची टिश्यू कल्चर रोपं करणाऱ्यांना मातृरोपांतला विषाणू घरच्या घरी तपासायचा आहे. जनावरांच्या डॉक्टरांना लम्पी आणि ब्रुसेलाचा निकाल लवकर हवा आहे. साताऱ्या-कराडच्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या मुलांना पीसीआर नुसतं फळ्यावर शिकवून भागत नाही.

नव्या मशीनचं कोटेशन पाहून यातले बरेच जण मागे फिरतात. नीट निवडलेलं जुनं मशीन उत्तम काम देतं, आणि छोट्या प्रयोगशाळेनं ते बेलाशक घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. अट एकच: पैसे चुकते करण्याआधी ते मशीन तुमच्यासमोर, तुमच्या नमुन्यांवर चाललं पाहिजे आणि त्याचे आकडे कागदावर आले पाहिजेत. बिघडलेला सेंट्रीफ्यूज आवाज करतो, बिघडलेला फ्रीज पाणी सोडतो. बिघडलेलं पीसीआर मशीन गुपचूप निकाल देत राहतं. ब्लॉकचा (नमुन्यांच्या नळ्या बसतात त्या तापणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा) एक कोपरा दोन अंशांनी थंड असला, तर त्या कोपऱ्यातला कमी विषाणू असलेला पेशंट ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे जे लिहिलं आहे ते याच काळजीपोटी.

आधी काम ठरवा, मग मशीन

‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून मशीन घेतलं आणि मग त्यावर काय करायचं याचा विचार सुरू झाला, हा क्रम उलटा आहे. पहिल्या वर्षात कोणत्या चाचण्या करणार, महिन्याला साधारण किती नमुने येणार आणि कोणत्या कंपनीची किट वापरणार, एवढं आधी लिहून काढा.

फक्त ‘आहे की नाही’ एवढंच बघायचं असेल, निकाल जेलवरच्या डीएनएच्या पट्ट्यांत पाहायची तयारी असेल किंवा मुलांना शिकवायचं असेल, तर साधा थर्मल सायकलर पुरतो. त्यात तापवणारा-थंड करणारा ब्लॉक आणि गरम झाकण, एवढाच कारभार असतो. अप्लाइड बायोसिस्टिम्सचे २७२० आणि ९७००, बायो-रॅडचा टी१००, एपेनडॉर्फचा मास्टरसायकलर ही मशीनं वर्षानुवर्षं चालतात. नवीन प्रायमर (हव्या त्या डीएनएला चिकटणारे छोटे तुकडे) बसवायचे असतील तर ग्रेडियंट असलेलं मॉडेल घ्या. एकाच रनमध्ये वेगवेगळी ॲनीलिंग (प्रायमर चिकटण्याची) तापमानं पाहता येतात आणि आठवड्याचं काम एका दिवसात होतं.

विषाणूचं प्रमाण मोजायचं असेल किंवा पेशंटचे रिपोर्ट द्यायचे असतील, तर प्रती वाढत असतानाच रंगांचा उजेड मोजणारं रिअल-टाइम मशीनच लागतं. इथे किटच्या माहितीपत्रकापासून सुरुवात करा. ते किट कोणत्या मॉडेलवर तपासलं आहे, त्याची यादी त्यात असते. तुमचं मॉडेल त्या यादीत नसेल, तर ते किट त्या मशीनवर बरोबर चालतं हे सिद्ध करायची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं आयएसओ १५१८९ मानांकन घ्यायचा विचार असेल तर हा मुद्दा सोडूच नका.

त्याच पत्रकातून आणखी तीन गोष्टी उतरवून घ्या.

पहिली, चॅनल. एका ट्यूबमध्ये तीन लक्ष्यं आणि एक इंटर्नल कंट्रोल (चाचणी नीट चालली याची खात्री देणारा) असेल तर चार रंग वेगळे वाचू शकणारं मशीन हवं. अप्लाइड बायोसिस्टिम्सचं स्टेपवन तीन रंग वाचतं, स्टेपवनप्लस चार, तर त्यांचंच ७५०० आणि बायो-रॅडचं सीएफएक्स९६ पाच. साय-५ रंग लागणाऱ्या किटसाठी स्टेपवनप्लस घेतलं तर ते टेबलावर नुसतं शोभेला राहील.

दुसरी, रॉक्स. अप्लाइड बायोसिस्टिम्सची मशीनं हा रंग संदर्भ म्हणून वापरतात, पण त्याचं प्रमाण मॉडेलनुसार बदलतं. स्टेपवनप्लसला जास्त रॉक्स लागतो, ७५०० ला कमी. बायो-रॅड सीएफएक्स आणि क्यायाजेनच्या रोटर-जीनला तो लागतच नाही. मास्टर मिक्स (चाचणीसाठीच्या रसायनांचं तयार मिश्रण) चुकीचा आला की आलेख वेडेवाकडे दिसतात आणि दोष मात्र मशीनवर ढकलला जातो.

तिसरी, प्लास्टिक. साधं ७५०० आणि ७५०० फास्ट बाहेरून सारखीच दिसतात, पण पहिल्याला ०.२ मिलीच्या प्लेट बसतात आणि दुसऱ्याला ०.१ मिलीच्या. स्टेपवनप्लसलाही ०.१ मिलीच्याच. सीएफएक्स९६ ला बुटक्या ट्यूब लागतात. रोटर-जीनमध्ये ब्लॉकच नाही, गरम हवेत नळ्या फिरतात, त्यामुळे तिला खास तिच्याच नळ्या लागतात. हे प्लास्टिक तुमच्या पुरवठादाराकडे सांगलीत किंवा निदान कोल्हापूर-पुण्यात सहज मिळतं का, हे मशीन बघायला जाण्याआधी फोन करून विचारा.

कार्ट्रिज किंवा चिपवर चालणारी बंद यंत्रणा, म्हणजे जीनएक्सपर्ट किंवा गोव्याच्या मोलबायोची ट्रूनॅट, जुनी मिळाली तरी माझा सल्ला सावधगिरीचा आहे. तिथे प्रत्येक चाचणीची कार्ट्रिज वा चिप मूळ कंपनीकडूनच घ्यावी लागते. कंपनी तुमच्या नावावर मशीन नोंदवून पुरवठा सुरू करेल, असं लेखी उत्तर आल्याशिवाय त्यात हात घालू नका.

दिवा कोणता, हे विचारा

जुन्या रिअल-टाइम मशीनची तब्येत बऱ्याच अंशी प्रकाशाच्या स्रोतावर ठरते. ७५०० आणि ॲजिलंटचं एमएक्स३००५पी हॅलोजन दिव्यावर चालतात, रोशचं लाइटसायक्लर ४८० झेनॉनवर. हे दिवे झिजतात, बदलावे लागतात, आणि बदलल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन (मशीनचं मोजमाप तपासून जुळवणं) करावं लागतं. सीएफएक्स९६, स्टेपवन आणि रोटर-जीन क्यू एलईडीवर चालतात, तिथे ही कटकट नाही. म्हणून हॅलोजनवालं मशीन वाईट असं अजिबात नाही. ७५०० वर काम केलेले तंत्रज्ञ आणि त्याची सर्व्हिस जाणणारे इंजिनिअर महाराष्ट्रात भरपूर सापडतात, आणि छोट्या गावातल्या लॅबला हा मोठाच आधार आहे. फक्त किंमत ठरवताना एक नवा दिवा सोबत मागून घ्या.

निवडलेल्या मॉडेलला मूळ कंपनी अजून सर्व्हिस आणि सुटे भाग देते का, हे सिरियल नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस विभागाकडून ई-मेलवर विचारा. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर इथे विसंबू नये.

विकणारा कोण, आणि मशीन खरंच त्याचं आहे का

जुनी मशीनं साधारण चार वाटांनी येतात. कंपन्यांची स्वतःची डेमो किंवा दुरुस्त करून दिलेली मशीनं सर्वांत बिनघोर, पण महाग. जुनी उपकरणं घेऊन दुरुस्त करून विकणारे व्यापारी पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरूकडे आहेत. यातले काही खरोखर ब्लॉक मोजून, ऑप्टिक्स (दिवा, फिल्टर, लेन्स) तपासून देतात, तर काही नुसतं बाहेरून पुसून. तिसरी वाट म्हणजे बंद होणारी किंवा काम कमी करणारी लॅब थेट विकते ती. मला हीच सर्वांत आवडते, कारण मशीन वापरणारा माणूस समोर भेटतो आणि त्याला मशीनच्या खोडी ठाऊक असतात. चौथी वाट बँकांच्या आणि संस्थांच्या लिलावाची. तिथे आहे त्या स्थितीत उचलावं लागतं, चालवून बघता येत नाही. पहिलंच मशीन घेणाऱ्यानं लिलावाच्या वाटेला जाऊ नये.

आता मालकीचा प्रश्न. करोनाच्या काळात अनेक लॅबमध्ये मशीन विकत घेतलेलंच नव्हतं. किट पुरवणाऱ्यानं ‘महिन्याला इतक्या टेस्टची किट आमच्याकडून घ्या’ या करारावर ते ठेवलं होतं. असं रीएजंट रेंटलचं मशीन लॅबवाल्याला विकताच येत नाही. काही मशीनं बँकेच्या कर्जावर घेतलेली, म्हणजे तारण असतात. काही संशोधन अनुदानातून आलेली असतात आणि ती विकायला अनुदान देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते. म्हणून पहिल्याच फोनवर मूळ खरेदीचं बिल मागा. बिलावर विकणाऱ्याचंच नाव आणि मशीनवरचाच सिरियल नंबर असला पाहिजे. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हवं. मशीन परदेशातून वापरलेलं म्हणून आलं असेल तर बिल ऑफ एंट्री आणि चार्टर्ड इंजिनिअरच्या प्रमाणपत्राची प्रत घ्या. एका मशीनसाठी स्वतः परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नका. कस्टम्सचे कागद, पोर्टवरचा खोळंबा आणि वॉरंटीचा अभाव, हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नाही.

बिलासोबत हेही मागा: शेवटचे सर्व्हिस रिपोर्ट, शेवटच्या कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र, सॉफ्टवेअरच्या रन-लॉगचा फोटो आणि मशीन शेवटचं कधी चाललं त्याची तारीख. दोन वर्षं बंद पडलेल्या मशीनपेक्षा रोज चालणारं मशीन मी डोळे झाकून पसंत करेन. बंद मशीनमध्ये धूळ बसते, पंखे अडकतात, लेन्सवर बुरशी येते आणि उंदीर वायरी कुरतडतात.

पुराचं पाणी लागलेलं मशीन ओळखणं

हा भाग सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यातल्या वाचकांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. गावभागातल्या दवाखान्यांत, लॅबमध्ये, तळमजल्यावरच्या गोदामांत पाणी शिरलं होतं. अशी उपकरणं वाळवून, पुसून, नवे स्टिकर लावून बाजारात येऊ शकतात. दोष फक्त आपल्या भागाचा नाही. मुंबई आणि चेन्नईलाही पाणी तुंबतं, आणि तिथली मशीनंही आपल्यापर्यंत येतात.

बाहेरून काही कळत नाही, म्हणून मशीन उलटं-सुलटं करून बघा. तळाच्या स्क्रूंवर तांबूस गंज आणि वरचे स्क्रू चकचकीत, असं दिसलं तर शंका घ्या. रबरी पायांच्या खोबणीत, पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी आणि पॉवर सॉकेटच्या आत वाळलेल्या गाळाची बारीक रेघ राहते, ती सहसा कोणी काढत नाही. विक्रेत्याच्या परवानगीनं आणि त्याच्याच इंजिनिअरकडून मागची झाकणपट्टी उघडून घ्या. सर्किट बोर्डवर पांढरट-हिरवट भुकटी, कनेक्टरच्या पिना काळवंडलेल्या, स्पंजच्या पट्ट्या कडक होऊन चुरा झालेल्या, हे सगळं पाण्याचं लक्षण. कुबट वास तर चालू केल्यावर पंधरा मिनिटांत येतो. पाणी लागलेलं मशीन आज चालेल, पण पहिल्या दमट पावसाळ्यात बोर्ड दगा देईल. असं मशीन कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या, दुरुस्तीच्या भरवशावर घेऊ नका.

त्याच वेळी बाकीचंही बघून घ्या. ब्लॉकच्या खाचा बॅटरीच्या उजेडात सरळ वरून पाहा. सांडलेल्या तेलाचे डाग, पांढरे चट्टे, ओरखडे आहेत का? झाकण दाबल्यावर चारही बाजूंना सारखं बसतं का? ते १०५ अंशांच्या आसपास तापतं का? झाकण नीट दाबलं जात नसेल तर कडेच्या वेलमधलं (प्लेटच्या खळग्यांमधलं) पाणी उडून जातं आणि तुम्ही वर्षभर पिपेटला दोष देत बसता. ब्लॉक शून्याजवळ नेऊन मग एकदम ९५ वर न्यायला सांगा आणि पंख्याचा आवाज ऐका.

चालवून बघणं: खरी परीक्षा

म्हैस घेणारा आधी दूध काढून बघतो, तसंच हे आहे. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की अर्धा दिवस लागेल. त्याला ते जमत नसेल तर तो सौदा सोडा.

जाताना सगळं आपलं न्या: तुमच्या ओळखीचं मास्टर मिक्स, एक भरवशाचा पॉझिटिव्ह कंट्रोल (निकाल नक्की पॉझिटिव्ह येतो असा नमुना), न्यूक्लिएज-मुक्त पाणी, प्लेट, पारदर्शक सील, तुमच्या हाताची पिपेट आणि बर्फाचा डबा. विक्रेत्याच्या रीएजंटवर आलेला सुंदर आलेख तुमच्या काही कामाचा नाही.

सर्वांत आधी तापमान. शक्य असेल तर ब्लॉकच्या खाचेत बसणाऱ्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारांचा) संच असलेला माणूस सोबत न्या. पुण्यात एनएबीएल मान्यतेच्या कॅलिब्रेशन लॅब आहेत आणि त्यांचा माणूस जागेवर येऊ शकतो. हा खर्च सौद्याचाच भाग समजा. ९५, ७२ आणि ६० अंशांवर चार कोपरे, कडांचे मध्य आणि ब्लॉकचा मध्य मोजा. चांगल्या ब्लॉकमध्ये सगळ्या जागा साधारण अर्ध्या अंशाच्या फरकात बसतात. एक अंश फरक दिसला तर भाव पाडण्याचं किंवा ब्लॉक बदलून मागण्याचं कारण मिळालं. दीड-दोन अंशांचा फरक, तोही एकाच कोपऱ्यात, म्हणजे खालचं एखादं पेल्टियर (ब्लॉक तापवणारं-थंड करणारं विजेचं साधन) थकलेलं आहे. पेल्टियर तासांवर मरत नाही, तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांनी मरतं. करोनाच्या दोन वर्षांत दिवसरात्र चाललेल्या मशीनचं वय कॅलेंडरवर मोजू नका.

थकलेल्या पेल्टियरची आणखी एक खूण आहे आणि तिला उपकरण लागत नाही. ४० सायकलचा (फेऱ्यांचा) प्रोग्राम लावा, सॉफ्टवेअर किती वेळ लागेल म्हणतं ते लिहून ठेवा आणि प्रत्यक्ष किती लागला ते बघा. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली तर ब्लॉक धापा टाकतो आहे. लागोपाठ दोन रन घ्या, कारण काही दोष मशीन तापल्यावरच बाहेर येतात.

साध्या थर्मल सायकलरची परीक्षा इथे जवळजवळ संपते. एकच मिश्रण चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवून पीसीआर करा, जेलवर पाचही पट्ट्या सारख्या जाड आल्या की झालं.

रिअल-टाइम मशीनसाठी पुढे दोन प्लेट लावायच्या.

पहिली प्लेट समानतेची. एकाच मोठ्या मिश्रणातून सगळ्या ९६ वेल भरा. सीटी (उजेड कितव्या सायकलला ठरावीक पातळी ओलांडतो तो आकडा) साधारण २४ ते २८ च्या दरम्यान येईल इतका टेम्प्लेट, म्हणजे मूळ डीएनए, ठेवा. फार पातळ ठेवला तर नमुन्याचाच चढउतार मशीनच्या माथी येतो. आलेल्या ९६ सीटींचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरले ते) काढा. ते ०.१६७ च्या आत असेल तर दुपटीचा फरक ९९.७ टक्के खात्रीनं ओळखता येतो, ०.२५ च्या आत असेल तर ९५ टक्के. हातानं भरलेल्या प्लेटला ०.२५ च्या आतला आकडा मी मान्य करेन. आकड्यापेक्षाही त्याचा नकाशा महत्त्वाचा. सीटी प्लेटच्या मांडणीत रंगवून बघा. विस्कळीत फरक हे पिपेटचं काम. एकाच कडेला किंवा कोपऱ्यात सगळे सीटी उशिरा येत असतील तर दोष ब्लॉकचा किंवा झाकणाचा. सीटी बरोबर असून एखाद्या पट्ट्यात उजेडच कमी दिसत असेल तर दिवा, फिल्टर किंवा लेन्स. तशीच ताजी प्लेट भरून ती १८० अंशांत फिरवून लावली आणि दोष ब्लॉकच्या त्याच जागी राहिला, तर तो मशीनचाच.

दुसरी प्लेट डायल्यूशनची. पॉझिटिव्ह कंट्रोल दसपटीनं पाच पायऱ्या पातळ करा, प्रत्येक पायरी तीन-तीन वेलमध्ये, आणि शेजारी निदान आठ वेल नुसत्या पाण्याच्या. दोन पायऱ्यांत ३.३२ सायकलचं अंतर म्हणजे शंभर टक्के कार्यक्षमता. सीटीच्या आलेखाचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ च्या दरम्यान आणि आर-वर्ग (बिंदू सरळ रेषेत किती बसतात त्याचा आकडा) ०.९९ किंवा जास्त, एवढं मिळालं पाहिजे. जितके चॅनल वापरणार तितक्या रंगांत हे करा. फॅम (हिरवा) चॅनल बहुतेक मशीनवर छान दिसतो, रुसतात ते लालकडचे चॅनल. अप्लाइड बायोसिस्टिम्सच्या मशीनसाठी आरनेज-पी ची तयार तपासणी प्लेट मिळते. ५,००० आणि १०,००० प्रतींमधला फरक मशीन ओळखतं का, ते ती सांगते. विक्रेत्यानं ती लावून दिली तर त्याच्या कामाबद्दल विश्वास वाढतो.

पाण्याच्या वेलमध्ये काही उगवलं तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. करोनाचे ढिगानं पॉझिटिव्ह नमुने पाहिलेल्या ब्लॉकवर डीएनएचे कण चिकटलेले असू शकतात. ब्लॉक १० टक्के ब्लीचनं, मग स्वच्छ पाण्यानं, मग अल्कोहोलनं पुसून पुन्हा रन घ्या. ब्लीच धातूवर राहू देऊ नका. नंतरही कोऱ्या प्लेटमध्ये एखाद्या खाचेतून उजेड येतच राहिला, तर तिथे सांडलेला रंग मुरलेला आहे.

रनच्या मूळ फाइल्स पेनड्राइव्हवर घेऊन या, स्क्रीनचे फोटो पुरेसे नाहीत.

संगणक आणि सॉफ्टवेअर

जुन्या मशीनसोबतचा संगणक बहुधा विंडोज एक्सपी किंवा ७ वर असतो. तो मोडका म्हणून बाजूला टाकू नका. काही मॉडेलमध्ये कॅलिब्रेशनच्या फाइल्स त्याच संगणकात असतात, तो गेला की सगळं नव्यानं करावं लागतं. सॉफ्टवेअरची मूळ सीडी, लायसन्स की, डोंगल (सॉफ्टवेअर उघडणारी, संगणकाला लावायची चावी) असेल तर डोंगल, आणि ॲडमिन पासवर्ड, हे सगळं पैसे देण्याआधी हातात घ्या. ॲडमिन पासवर्ड सोडून गेलेल्या तंत्रज्ञाकडे राहिला आहे, ही गोष्ट वारंवार घडते.

मशीन ताब्यात येताच हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा, आणि तो संगणक इंटरनेटला जोडू नका. जुन्या पेशंटची नावं आणि निकाल त्यात असतील, तर ते विक्रेत्याकडूनच पुसून घ्या आणि तसं लेखी घ्या. त्या माणसांची माहिती तुमच्याकडे येण्याचं काही कारण नाही.

भाव, पैसे, कागद

नव्या मशीनच्या निम्म्या किमतीच्या वर जुन्याला देऊ नये, हा माझा ठोकताळा. कंपनीचं डेमो मशीन वॉरंटीसह असेल तरच त्याला अपवाद. पण तुलना मशीनच्या किमतीची नको, तीन वर्षांच्या खर्चाची करा. त्यात वाहतूक, बसवणं, कॅलिब्रेशन, यूपीएस, सुटे भाग आणि वार्षिक करार धरा. एएमसी प्रकारच्या करारात नुसती मजुरी येते, सीएमसीमध्ये भागही. पेल्टियर ब्लॉक आणि ऑप्टिक्स करारात आहेत की वगळले आहेत, तो बारीक मजकूर वाचाच.

पैसे तीन टप्प्यांत द्या: थोडी आगाऊ रक्कम, चाचणी समाधानकारक झाल्यावर मोठा हिस्सा, आणि तुमच्या लॅबमध्ये बसवून तीच डायल्यूशन प्लेट तशीच आल्यावर उरलेले. ब्लॉक आणि ऑप्टिक्सची निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी मागा. ‘चालू स्थितीत’ हा शब्द करारात चालवून घेऊ नका. त्याजागी वर काढलेले आकडे लिहा.

जीएसटीबद्दल सीएला आधी विचारा. जुन्या वस्तूंचे व्यापारी खरेदी-विक्रीतल्या फरकाच्या रकमेवर कर लावू शकतात, त्यामुळे दोन कोटेशनांतला कर वेगळा दिसू शकतो. पेशंटच्या चाचण्या करणाऱ्या लॅबची सेवा करमुक्त असल्यानं तिला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. तिनं करासकट आकडाच खरी किंमत धरावा.

आणणं आणि बसवणं

पुण्याहून येताना खंबाटकी घाट आणि पुढचे आतले रस्ते आहेतच, त्यामुळे पॅकिंगवर पैसे वाचवू नका. मूळ फोम आणि वाहतुकीचे लॉक असतील तर ते लावूनच, नसतील तर फोम घालून लाकडी पेटीत, उभंच, घट्ट बांधून आणा. हॅलोजन दिवा काढून वेगळा. स्वतः गाडीसोबत आलात तर उत्तम. महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडे न्यायचं असेल तर पावसाळ्याचे चार महिने टाळा.

जागा आधी तयार ठेवा. ऑनलाइन यूपीएस घ्या. मशीनच्या मागच्या पाटीवर लिहिलेल्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा असावा आणि पूर्ण रन संपेल इतकी बॅटरी असावी. रन मध्येच तुटला तर तेवढे नमुने आणि रीएजंट वाया जातात. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब तीन व्होल्टच्या आत हवा. मास्टर मिक्स बनवण्याची, नमुना काढण्याची आणि मशीन ठेवण्याची जागा वेगवेगळी ठेवा, आणि मशीनच्या खोलीतली पिपेट पहिल्या खोलीत कधीही नेऊ नका.

आपल्या भागाची एक खास अडचण म्हणजे गाळप हंगामातली काजळी. साखर कारखान्याजवळच्या गावांत हिवाळाभर बगॅसची काळी राख हवेत असते आणि ती पंख्यातून थेट मशीनच्या पोटात जाते. खिडक्या बंद, एसी चालू आणि मशीनची हवेची जाळी त्या महिन्यांत दर पंधरवड्याला साफ, हे ठरवून टाका. उन्हाळ्यात एसी बंद पडला की ब्लॉकला थंड व्हायला वेळ लागतो आणि रन लांबतो, तेव्हा खोलीचं तापमानही रोज लिहा.

पहिले तीन महिने

बसवल्या दिवशी लगेच पेशंटचे नमुने घेऊ नका. आधी तापमान पुन्हा मोजा, मग त्याच दोन प्लेट पुन्हा लावा आणि विक्रेत्याकडच्या आकड्यांशी ताडून बघा. वाहतुकीत काही हललं असेल तर इथेच कळेल. त्यानंतर मिरज किंवा कराडच्या, आधीपासून ही चाचणी करणाऱ्या एखाद्या लॅबशी बोलून निकाल माहीत असलेले नमुने तुमच्या मशीनवर लावा. त्यात पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि विशेषतः काठावरचे, उशिराच्या सीटीचे नमुने असू द्या. जोरदार पॉझिटिव्ह कोणतंही मशीन पकडतं. टिश्यू कल्चरवाल्यांनी आणि जनावरांच्या लॅबनीही हेच करावं. विषाणू असलेलं एक मातृरोप सुटलं तर त्यातून हजारो रोपं शेतकऱ्यांच्या रानात जातात.

मग रोजच्या रनमध्ये एकच पॉझिटिव्ह कंट्रोल ठेवा आणि त्याचा सीटी तारखेसह आलेखावर मांडत जा. पहिल्या वीस रनवरून सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. सरासरीपासून दोन डेव्हिएशनच्या बाहेर गेला तर सावध व्हा, तीनच्या बाहेर गेला तर त्या रनचा रिपोर्ट देऊ नका. सीटी आठवड्या-आठवड्याला थोडा थोडा पुढे सरकत असेल तर आधी कंट्रोलची नवी ट्यूब उघडून बघा, मग दिवा, मग ब्लॉक. कंट्रोल दर रनला वेगवेगळ्या वेलमध्ये ठेवला तर थकत चाललेला कोपरा आपोआप सापडतो. तापमानाचं कॅलिब्रेशन पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी करा, दोन्ही वेळा आकडे जुळले तर पुढे वर्षातून एकदा पुरे.